दानशूर विनोदकार

मराठी वाङ्मयात विनोदाची परंपरा मोठी आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी तिचा पाया घातला. राम गणेश गडकऱ्यांनी ‘बाळकराम’ हे नाव धारण करून तीत कल्पनेचे रंग भरले. चिं. वि. जोशी यांनी चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही अविस्मरणीय जोडी निर्माण केली, तर आचार्य अत्रे यांनी विनोदाला व्यासपीठावर नेऊन हजारोंच्या सभा हसविल्या. ही परंपरा ज्यांच्या हाती आल्यावर महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचली, ते लेखक म्हणजे पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे होत. अवघा महाराष्ट्र त्यांना ‘पु. ल.’ या दोन अक्षरांनी ओळखतो. लोकांना आनंद द्यावा आणि त्या आनंदाच्या मोबदल्यात जे धन मिळेल तेही लोकांनाच परत करावे, असे त्यांचे सारे जीवन आहे.

पु. ल. देशपांडे यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ रोजी मुंबईत गावदेवी भागात झाला. त्यांचे बालपण प्रथम जोगेश्वरीला आणि नंतर पार्ल्याला गेले. घर मध्यम स्थितीचे होते, पण गाणे, नाटक आणि ग्रंथ यांची तेथे वाण नव्हती. त्यांचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, वामन मंगेश दुभाषी हे ‘ऋग्वेदी’ या नावाने लेखन करीत. आर्यांच्या सणांचा इतिहास त्यांनी लिहिला होता आणि रवींद्रनाथ टागोरांची ‘गीतांजली’ त्यांनी अभंगांच्या रूपाने मराठीत आणली होती. या विद्वान आजोबांच्या सहवासात लहानग्या पुरुषोत्तमाला शब्दांची गोडी लागली. भाषण करण्याची, नकला करण्याची आणि पेटी वाजविण्याची हौस त्याच वयात जडली. दत्तोपंत राजोपाध्ये यांच्याकडे त्यांनी पेटीचे शिक्षण घेतले. बालवयात धरलेली ही पेटी त्यांनी पुढे जन्मभर सोडली नाही.

पार्ल्याच्या टिळक विद्यालयात त्यांचे शालेय शिक्षण झाले. पुढे जोगेश्वरीच्या इस्माईल युसुफ महाविद्यालयात ते शिकले व त्यानंतर त्यांनी कायद्याची पदवी मिळविली. पुण्याचे फर्ग्युसन आणि सांगलीचे विलिंग्डन या महाविद्यालयांतही त्यांनी अध्ययन केले. तथापि शिक्षणाचा हा मार्ग सरळ व सुखाचा नव्हता. संसाराचा भार लवकरच अंगावर आला. तेव्हा कारकुनी कर, शिकवण्या घे, भावगीतांना चाली लाव, अशी मिळतील ती कामे त्यांनी केली. कचेरीतील टेबले, चाळींचे जिने, आगगाडीचे डबे, लग्नाचे मांडव, गाण्याच्या बैठका अशा ठिकाणी नाना तऱ्हेची माणसे त्यांना भेटत गेली. त्या माणसांच्या बोलण्याच्या लकबी त्यांनी आपल्या कानांत साठविल्या. गरिबीने त्यांना दिलेले हे भांडवल पुढे त्यांच्या पुस्तकांना जन्मभर पुरले.

काही काळ ते मुंबईच्या ओरिएंट हायस्कुलात शिक्षक होते. १२ जून १९४६ रोजी रत्नागिरीच्या सुनीता ठाकूर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सुनीताबाईंनी १९४२ च्या स्वातंत्र्यलढ्यात भाग घेतला होता. बाणेदार, काटेकोर आणि स्वतः उत्तम लेखिका असलेल्या या सहधर्मचारिणीने पतीच्या कलेला शिस्तीचे कुंपण घातले. मनमोकळ्या आणि उधळ्या स्वभावाचा कलावंत व हिशेबाला चोख अशी पत्नी, असा हा संसार होता. या दोन स्वभावांच्या मेळातूनच पुढे एक मोठे लोकोपयोगी कार्य उभे राहिले.

स्वातंत्र्यप्राप्तीच्या सुमारास पु. ल. मराठी चित्रपटसृष्टीत शिरले. अभिनय, कथा, संवाद, संगीत असे एकेक दालन त्यांनी पादाक्रांत केले. १९५३ साली आलेल्या ‘गुळाचा गणपती’ या चित्रपटाचे लेखन, दिग्दर्शन व संगीत त्यांचे होते आणि नायकाची भूमिकाही त्यांचीच होती. त्याच वर्षीच्या ‘देवबाप्पा’ या चित्रपटातील, मोराला नाचावयास सांगणाऱ्या बालगीताची चाल त्यांनीच बांधली. ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि आशा भोसले यांचा स्वर लाभलेले ते गीत आजही बालवाडीतील मुले गात असतात, पण त्या चालीचा कर्ता कोण हे त्यांतील फारच थोड्यांना ठाऊक असते. याच कालखंडात बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात त्यांनी मराठीचे अध्यापनही केले. मराठी आणि कानडी यांचा संगम झालेल्या त्या गावात त्यांना गाणारी, खाणारी, खिलवणारी आणि मनमुराद हसणारी माणसे भेटली. मराठीत कानडी ढंग मिसळून बोलणाऱ्या बेळगावच्या रावसाहेबांचे जे शब्दचित्र त्यांनी पुढे रेखाटले, त्याची मुळे याच वास्तव्यात आहेत.

१९५५ साली पु. ल. आकाशवाणीच्या सेवेत दाखल झाले. नभोवाणीवर चेहरा दिसत नाही, वेष दिसत नाही, हातवारे दिसत नाहीत. जे काही असेल ते आवाजातून आणि शब्दांतूनच उभे करावे लागते. श्रुतिका, गाणी आणि भाषणे यांची निर्मिती करताना बोलीभाषेचा प्रत्येक चढउतार त्यांच्या कानाला जणू तोंडपाठ झाला. पुढे युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर ते इंग्लंडला गेले व लंडन येथे बी. बी. सी. या संस्थेत त्यांनी दूरचित्रवाणीचे शिक्षण घेतले. त्या काळी भारतात दूरचित्रवाणी बहुतेकांनी पाहिलीही नव्हती. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत तिचा प्रायोगिक आरंभ झाला. कार्यक्रम आठवड्यातून मोजक्याच वेळा होत आणि ते पाहण्याचे संचही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. या नवजात माध्यमाच्या पहिल्या निर्मात्यांमध्ये पु. ल. होते. भारतीय दूरचित्रवाणीवर पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांची पहिली मुलाखत घेण्याचा मानही त्यांच्याकडे जातो.

विलायतेच्या या प्रवासाने मराठी वाचकाला एक अनपेक्षित देणगी दिली. ती म्हणजे १९६० साली प्रसिद्ध झालेले ‘अपूर्वाई’ हे प्रवासवर्णन. तोपर्यंतची पुष्कळ प्रवासवर्णने स्थळांची आणि इमारतींची माहिती देण्यात दंग असत. ‘अपूर्वाई’त मात्र मुंबईच्या मध्यमवर्गीय घरातील एक जोडपे प्रथमच साता समुद्रांपलीकडे निघाले आहे आणि वाटेतल्या प्रत्येक फजितीवर स्वतःच हसत आहे, असे चित्र दिसते. परदेशाचा थाट पाहून ते दिपून जात नाही आणि त्याला नावे ठेवण्याचीही घाई करीत नाही. या पुस्तकाला शि. द. फडणीस यांच्या मिस्कील चित्रांची जोड लाभली. भोज गावी जन्मून कोल्हापुरात शिकलेल्या या चित्रकाराच्या रेषा आणि पु. लं.चे शब्द एकमेकांना विलक्षण मानवले. पुढे ‘पूर्वरंग’ व ‘जावे त्यांच्या देशा’ ही प्रवासवर्णनेही वाचकप्रिय झाली.

दूरचित्रवाणीतील काम प्रतिष्ठेचे होते. सरकारी नोकरी, ठरलेले वेतन आणि नव्या माध्यमात मिळालेले पहिले स्थान एवढे हाती असताना बहुतेक मनुष्य तेथेच स्थिरावला असता. पु. लं.च्या मनाने मात्र निराळी ओढ घेतली. कचेरीच्या नियमांत राहून मनासारखे लिहिता येईना आणि रंगभूमी तर सतत बोलावीत होती. अखेर ती सुरक्षित नोकरी सोडून ते केवळ लेखणी आणि रंगमंच यांच्या भरवशावर उभे राहिले. केवळ लेखनावर निर्वाह करणे त्या काळी मराठी लेखकाला सहसा परवडत नसे. त्यामुळे हा निर्णय धाडसाचा होता. परंतु नभोवाणीने घडविलेला कान आणि दूरचित्रवाणीने घडविलेला डोळा ते बरोबर घेऊन आले होते. त्यांची पुस्तके वाचताना आपण वाचीत नसून समोर बसून कोणी सांगत आहे असा भास होतो, त्याचे रहस्य यात आहे.

१९५८ साली त्यांचे ‘बटाट्याची चाळ’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. मुंबईतील एका जुन्या चाळीतील बिऱ्हाडे, त्यांची भांडणे, त्यांचे उपास, त्यांची प्रवासाला निघण्याची लगबग आणि गच्चीसाठी दिलेला लढा हे सारे त्यात आहे. वाचक पानोपानी हसतो, आणि शेवटच्या प्रकरणात चाळीची जुनी माणसे व जुनी माया नाहीशी होत असल्याची जाणीव झाली, की त्याचा कंठ दाटून येतो. हीच चाळ पु. लं.नी रंगमंचावर एकट्याने उभी केली. न बदललेल्या वेषात, केवळ आवाज आणि मुद्रा यांच्या बळावर, एकच मनुष्य चाळीतील सर्व पात्रे सजीव करीत असे. नाट्यगृहे तुडुंब भरत आणि तिकिटांसाठी रांगा लागत. पुढे ‘वाऱ्यावरची वरात’ आणि ‘असा मी असामी’ यांनाही असाच प्रतिसाद मिळाला. ‘असा मी असामी’ हे धोंडो भिकाजी जोशी नावाच्या एका साध्या कारकुनाचे आत्मचरित्र आहे. राजेरजवाडे आणि पुढारी यांची चरित्रे लिहिली जातात, परंतु ट्रॅम आणि लोकल यांत धक्के खात जन्म काढणाऱ्या कारकुनाचेही एक चरित्र असते, आणि तेही वाचण्याजोगे असते, हे या पुस्तकाने दाखवून दिले.

पु. लं.च्या विनोदाचे मर्म जाणून घ्यावयाचे असेल तर ‘व्यक्ती आणि वल्ली’ हे पुस्तक वाचावे. यात लग्नकार्यात दुसऱ्यांसाठी राबराब राबणारा नारायण आहे. कार्य पार पडल्यावर त्याची आठवण कोणाला राहत नाही. इतिहास डोळ्यांनी पाहिल्यासारखा सांगून मुलांना शिवकालात नेणारे हरितात्या आहेत. पुस्तकी भाषेत बोलणारा, ग्रंथवेडा सखाराम गटणे आहे. पिढ्यान् पिढ्या विद्यार्थी घडवून स्वतः मात्र जुन्याच कोटात राहिलेले चितळे मास्तर आहेत. आणि रत्नागिरीचा अंतू बर्वा आहे. त्याची जीभ तिखट, पण त्या तिखटपणाखाली म्हातारपणाचे एकाकीपण आणि दारिद्र्य दडलेले असते. लेखक या माणसांच्या लकबींना हसतो, त्यांच्या दुःखाला कधीही हसत नाही. हसता हसता वाचक त्या माणसांवर प्रेम करू लागतो आणि आपल्याच गल्लीतील उपेक्षित माणसाकडे निराळ्या नजरेने पाहू लागतो. १९६५ साली या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. विनोदी लेखन म्हणजे दुय्यम लेखन असा समज बाळगणाऱ्यांना या सन्मानाने परस्पर उत्तर मिळाले.

नाटककार म्हणूनही त्यांनी मोठे यश मिळविले. ‘तुझे आहे तुजपाशी’ या १९५७ सालच्या नाटकात जीवनाचा रसिकतेने आस्वाद घेणारे काकाजी आणि कठोर विरक्तीचा पुरस्कार करणारे आचार्य यांचा सामना आहे. हसत खेळत हे नाटक माणसाने जगावे कसे या गंभीर प्रश्नाला हात घालते. जगातील उत्तम कृती मराठीत आणण्याचीही त्यांना हौस होती. रशियन लेखक गोगोल यांच्या नाटकावरून ‘अंमलदार’, बर्नार्ड शॉ यांच्या नाटकावरून ‘ती फुलराणी’ आणि जर्मन नाटककार ब्रेख्त यांच्या नाटकावरून ‘तीन पैशाचा तमाशा’ ही नाटके त्यांनी अशी रचली, की ती परकी वाटूच नयेत. हेमिंग्वे यांची म्हाताऱ्या कोळ्याची कथा त्यांनी ‘एका कोळियाने’ या नावाने मराठीत आणली.

विद्यार्थिदशा कधी संपते या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या चरित्रात मिळते. वयाची पन्नाशी उलटल्यावर, कीर्तीच्या शिखरावर असताना, ते बंगाली भाषा शिकण्यासाठी शांतिनिकेतनात जाऊन राहिले. रवींद्रनाथांची कविता अनुवादातून नव्हे, तर मूळ भाषेतून वाचावयाची, हा त्यांचा ध्यास होता. नव्या लिपीची अक्षरे गिरविण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. ज्या आजोबांनी ‘गीतांजली’ अभंगांत आणली, त्यांचा नातू अशा रीतीने रवींद्रनाथांच्या अंगणात जाऊन पोहोचला. त्या वास्तव्यातून ‘वंगचित्रे’ हे सुंदर पुस्तक जन्मास आले.

१९७४ साली कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजी येथे मराठी साहित्य संमेलन भरले. यंत्रमागांच्या खडखडाटाने गजबजलेल्या या उद्योगनगरीत भरलेल्या संमेलनाचे अध्यक्षपद पु. ल. देशपांडे यांना मिळाले. ज्यांची पुस्तके वाचून आणि ज्यांचा आवाज ऐकून आपण हसलो, तो लेखक आपल्याच जिल्ह्यात साहित्यिकांच्या मेळ्याचा अध्यक्ष होऊन आला, याचे या भागातील रसिकांना मोठे अप्रूप वाटले.

पुढच्याच वर्षी, २५ जून १९७५ रोजी, देशात आणीबाणी पुकारण्यात आली. वृत्तपत्रांवर नियंत्रण आले आणि अनेक पुढारी तुरुंगात गेले. हसविणाऱ्या लेखकाने अशा वेळी मौन धरले असते तर त्यास कोणी दोष दिला नसता. त्यांच्याजवळ कीर्ती होती, सन्मान होते आणि गमावण्यासारखेही पुष्कळ होते. परंतु विचार मोकळेपणाने मांडता येत नसतील तर लेखक असण्याला अर्थ उरत नाही, अशी त्यांची धारणा होती. १९७७ च्या निवडणुकीत हा विनोदकार गावोगावी सभा घेत फिरला. लोकशाहीचे मोल त्यांनी आपल्या विनोदाच्या शस्त्राने लोकांना पटवून दिले. निवडणूक संपली, सत्ता पालटली, आणि पु. ल. कोणतेही पद न मागता आपल्या लेखणीकडे परत आले. पुढे १९९६ चा महाराष्ट्र शासनाचा पहिला ‘महाराष्ट्रभूषण’ पुरस्कार त्यांना मिळाला, तेव्हाही विचारस्वातंत्र्याच्या संकोचाविषयीची आपली खंत त्यांनी त्या समारंभात बोलून दाखविली. त्याबद्दल टीकाही सोसली. सत्ता कोणत्याही पक्षाची असो, त्यांचे माप एकच राहिले.

पुस्तके आणि प्रयोग यांतून त्यांना विपुल धन मिळाले. त्या धनाचे त्यांनी काय केले, हा त्यांच्या चरित्रातील सर्वांत उज्ज्वल भाग होय. १९६५ साली पु. ल. आणि सुनीताबाई यांनी ‘पु. ल. देशपांडे प्रतिष्ठान’ स्थापन केले आणि त्यातून नाना संस्थांना साहाय्य देण्यास आरंभ केला. देणगी द्यावयाची ती पात्र संस्थेला, पूर्ण चौकशी करून आणि शक्य तो गाजावाजा न करता, असा सुनीताबाईंचा दंडक असे. व्यसनाच्या विळख्यात सापडलेल्या तरुणांची दैना वाचून पु. ल. अस्वस्थ झाले, आणि १९८६ साली पुण्यात सुरू झालेल्या ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्राच्या उभारणीसाठी त्यांनी एक लाख रुपये दिले. बाबा आमटे यांच्या आनंदवनाशी त्यांचा जिव्हाळ्याचा संबंध होता. कुष्ठरोग्यांनी स्वतःच्या श्रमांनी उभारलेल्या त्या वसाहतीत कलावंत आणि रसिक यांचे मेळावे भरत. समाजाने दूर लोटलेल्या त्या माणसांत मिसळून त्यांना हसविण्यात पु. लं.ना धन्यता वाटे. कवी बोरकर, मर्ढेकर आणि आरती प्रभू यांच्या कवितांचे वाचनही पतिपत्नींनी गावोगावी केले. त्यात लेखक स्वतः मागे राहून दुसऱ्या कवीचा गौरव करीत होता. ही वृत्ती दुर्मीळ आहे.

सन्मान त्यांच्याकडे चालत आले. १९६६ साली पद्मश्री, १९९० साली पद्मभूषण आणि त्याखेरीज संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना लाभला. परंतु लोकांनी त्यांना ‘भाई’ म्हणावे, यात त्यांना अधिक सुख होते. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत कंपवाताने त्यांना गाठले. पेटीच्या पट्ट्यांवर लीलया फिरणारी बोटे थरथरू लागली आणि सभा गाजविणारी वाणी मंदावली. ते दुःख त्यांनी धीराने सोसले. १२ जून २००० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या विवाहाला त्याच दिवशी ५४ वर्षे पूर्ण होत होती. त्या दिवशी महाराष्ट्रातील असंख्य घरांत आपलेच कोणी वडीलधारे माणूस गेल्याचे दुःख झाले.

आज ट्रॅम नाहीशी झाली आहे आणि जुन्या चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. तरीही ग्रंथालयातील त्यांच्या पुस्तकांची पाने सतत हाताळली जाऊन मऊ पडलेली दिसतात. ज्या पोराने नारायण पाहिला नाही, त्यालाही तो आपल्या घरच्या लग्नात भेटतो. ज्या पोरीने जुनी चाळ पाहिली नाही, तिलाही आपल्या इमारतीच्या जिन्यावर त्रिलोकेकर दिसतात. माणसे तीच असतात, ती पाहणारे प्रेमळ डोळे मात्र हवे असतात. ते डोळे पु. लं.नी महाराष्ट्राला दिले. त्यांनी संस्थांना दिलेल्या धनाचा हिशेब वह्यांत सापडेल. शिणल्या माणसाला घटकाभर दुःख विसरावयास लावून पुन्हा कामाला उभे करणारे जे हास्य त्यांनी वाटले, त्याची नोंद मात्र कोणत्याही वहीत मावणारी नाही.